गिअरबॉक्सला हात लावायलाच हवा

कामशेतमध्ये कोणी जुनी गाडी घेतली, मग ती ४०७ असो, आयशर असो की खाणीवरचा डंपर, की पहिल्या आठवड्यातच सल्ले सुरू होतात. इंजिनचं ऑइल बदलून घे. डिझेल फिल्टर नवे टाक. ग्रीसिंग कर, ब्रेक लायनर बघून घे. हे सगळं बरोबरच असतं. मग शेवटचा सल्ला येतो आणि तो जवळजवळ प्रत्येक जण त्याच शब्दांत देतो: ‘दादा, गिअरबॉक्सला हात लावू नकोस. चाललंय ते चालू दे. जुनं ऑइल काढलंस की गिअरबॉक्स बसलाच म्हणून समज.’

हा सल्ला चुकीचा आहे. तो इतक्या खात्रीने आणि इतक्या वर्षांपासून दिला जातोय की त्याचं कारण विचारण्याची गरजही आता कोणाला वाटत नाही. मला त्याचा राग येतो, कारण त्याची किंमत सल्ला देणारा मोजत नाही. ती मोजतो पतसंस्थेचं कर्ज काढून, घरातला दागिना गहाण ठेवून पहिली गाडी घेणारा नाणे मावळातला किंवा पवन मावळातला पोरगा. त्याच्याकडे दुसरी गाडी नसते. ती एक गाडी दहा दिवस गॅरेजात उभी राहिली की भाडं बंद होतं, हप्ता मात्र बंद होत नाही.

समोरच्यांचं म्हणणं आधी पूर्ण मांडतो, म्हणजे मी सोयीचा भाग उचलला असं कोणाला वाटायला नको. ते म्हणतात, जुन्या गिअरांनी एकमेकांशी जुळवून घेतलेलं असतं. दात झिजलेले असतात, बेअरिंगमध्ये खेळ आलेला असतो. त्या झिजेची भुकटी ऑइलात मिसळून ते दाट होतं आणि त्या दाटपणावरच गिअर धरून असतात. नवं, स्वच्छ ऑइल गेलं की ती पकड सुटते, आवाज सुरू होतो, गिअर सुटायला लागतो, सील गळतात. तेव्हा मागच्या मालकाने जे घातलंय ते राहू द्यावं, कमी वाटलं तर वरून टाकावं. आणि पुरावा म्हणून एक उदाहरण प्रत्येकाकडे तयार असतं: अमक्याने बदललं आणि महिन्याभरात त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागला.

पकडीपासूनच सुरुवात करू. आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या ट्रकांचे गिअरबॉक्स हाताने गिअर टाकायचे आहेत. १९८६ साली टेल्कोने आणलेली ४०७ घ्या, त्याआधीच्या मोठ्या टाटा गाड्या घ्या, लेलँड घ्या. या पेटीत गिअर पडतो म्हणजे दातात दात अडकतो. लोखंडाचा दात लोखंडाच्या खाचेत बसला की तो तिथे ऑइलच्या जाडीमुळे टिकत नाही, दाताच्या आकारामुळे टिकतो. घर्षणावर पकड घेणारी वस्तू गाडीत आहे, ती म्हणजे क्लच प्लेट. पण ती गिअरबॉक्सच्या ऑइलात बुडालेली नसतेच. ती बाहेर, बेल हाउसिंगमध्ये, कोरडी असते. तिच्यावर ऑइल गेलं तर ती घसरते. मग जुन्या ऑइलातली भुकटी नेमकं काय धरून ठेवते? गिअर टाकताना क्षणभर काम करणाऱ्या सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगा सोडल्या तर आत घर्षणाने चालणारं काही नाही, आणि त्या रिंगांना भुकटीचा उपयोग नसतो. भुकटीने त्या झिजतात.

ही समजूत आली कुठून हेही सांगायला हवं, कारण तिच्यात कणभर तथ्य दुसऱ्या एका यंत्राचं आहे. ऑटोमॅटिक गाड्यांच्या पेटीत ऑइलात बुडालेल्या घर्षणपट्ट्या असतात. त्या जळत आल्या असतील आणि वर्षानुवर्षं ऑइल बदललेलं नसेल, तर एकदम नवं ऑइल घालावं की नाही यावर जाणत्या मिस्त्रींमध्येही वाद आहे. तो वाद त्यांनी खुशाल घालावा. कामशेतच्या चौकात उभ्या असलेल्या जुन्या ४०७ चा त्याच्याशी काहीएक संबंध नाही. एका यंत्राची भीती उचलून दुसऱ्या यंत्रावर चिकटवायची आणि तिलाच अनुभव म्हणायचं, हे कसं चालेल? नव्या ट्रकांत जे स्वतःहून गिअर बदलणारे एएमटी गिअरबॉक्स येताहेत, त्यांच्याही आत हेच दातांचे गिअर आहेत. फक्त दांडा ओढायचं काम ड्रायव्हरच्या हाताऐवजी यंत्र करतं.

आता ‘अमक्याने बदललं आणि गेलं’. त्या अमक्याने ऑइल कधी बदललं, हा प्रश्न कोणी विचारतं का? गाडी गुपचूप, नीट चालत असताना गिअर ऑइल बदलणारा माणूस आपल्याकडे विरळा. बहुतेक जण बदलतात ते तिसरा गिअर सुटायला लागल्यावर, चढावर घरघर ऐकू यायला लागल्यावर, कोणीतरी ‘एकदा ऑइल बदलून बघ’ म्हटल्यावर. म्हणजे बेअरिंग गेलेलं असतं, दाताची कड उडालेली असते आणि मग नवं ऑइल पडतं. महिन्याने पेटी उतरते. पेटी मरत आली होती म्हणून ऑइल बदललं गेलं. ऑइल बदललं म्हणून पेटी मेली नाही. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात नेलेला माणूस दगावला तर आपण डॉक्टरने मारला म्हणतो का? ज्यांनी वेळेवर बदललं आणि ज्यांच्या गाड्या वर्षानुवर्षं विनातक्रार धावल्या, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं.

आवाजाचं म्हणणं मी मान्य करतो, आणि तेवढंच मान्य करतो. दाट, मळलेलं ऑइल काढून योग्य जाडीचं ऑइल घातलं की कधीकधी पूर्वी ऐकू न येणारा आवाज ऐकू येतो. पण तो आवाज नव्या ऑइलने जन्माला घातला का? बेअरिंगमधला खेळ कालही होता. तो दाबलेला होता. जुन्या गाड्यांच्या बाजारात गिअरबॉक्सचा किंवा मागच्या एक्सलच्या हाउसिंगचा आवाज दाबायला जाडजूड ऑइल, ग्रीस, अगदी लाकडाचा भुसा घालण्याची युक्ती जुनी आहे. गिऱ्हाईक एक फेरी मारून बघतं, गाडी शांत वाटते, व्यवहार होतो. अशा गाडीचं ऑइल बदलू नका असं सांगणं म्हणजे फसवणूक झाकून ठेवा असं सांगणं आहे. गाडी घेणाऱ्याला तो आवाज कळायलाच हवा, आणि तो कामशेतच्या गॅरेजात कळायला हवा, रिकाम्या गाडीवर. भरल्या गाडीने खोपोलीहून वर येताना अर्ध्या घाटात कळून काय उपयोग?

इंजिनचं ऑइल बदलायला कोणाचाही विरोध नसतो. ते काळं होतं, डोळ्यांना दिसतं. गिअरबॉक्समध्ये डिझेल जळत नाही, काजळी नसते, म्हणून तिथलं ऑइल वर्षांनंतरही बोटाला बरं वाटतं आणि माणूस फसतो. एक गोष्ट मात्र नेहमी विसरली जाते: इंजिनाला ऑइल फिल्टर आहे, या गिअरबॉक्सना बहुतेक ठिकाणी तो नाही. दात दातावर घासून जी पोलादाची पूड पडते, रिंगांचं जे पितळ झिजतं, त्याला बाहेर जायला एकच वाट आहे, खालचा ड्रेन प्लग. तो उघडेपर्यंत ती सगळी पूड गोल फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत बेअरिंगच्या रोलरखाली जाते. वरून टाकल्याने पातळी भरते, पूड जात नाही. उष्णतेने ऑइल बिघडतं, त्यातली दातांवर थर धरणारी रसायनं खर्ची पडतात, तीही वरच्या अर्ध्या लिटरने परत येत नाहीत. ज्याला फिल्टर आहे त्याचं ऑइल बदलायचं आणि ज्याला नाही त्याला हात लावायचा नाही, या सांगण्याला काही अर्थ आहे का?

खालचा प्लग उघडून बघितलेला माणूस ही भीती पुन्हा कोणाला घालत नाही, असा माझा विश्वास आहे. पुष्कळ गाड्यांच्या ड्रेन प्लगच्या टोकाला चुंबक असतं. प्लग फिरवून काढला की चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप चढलेला असतो. तो दोन बोटांत चोळायचा. पेस्टसारखा गुळगुळीत लागला तर ती रोजची झीज आहे, घाबरायचं कारण नाही. बोटाला टोचलं, तांदळाच्या कणीएवढा तुकडा निघाला, एका बाजूने चकाकणारी कपची निघाली, तर दात किंवा बेअरिंग फुटतंय. मग पसरट, स्वच्छ भांड्यात पडलेलं ऑइल उन्हात न्यायचं आणि भांडं हळूच तिरकं करायचं. ऑइलात सोनेरी चमक फिरताना दिसली तर ते सिंक्रोनायझरचं पितळ. रंग दुधाळ, चहासारखा झाला असेल तर आत पाणी गेलेलं आहे. जळका वास असेल तर गाडी कमी ऑइलवर किंवा अति लोडवर पळवलेली आहे. जुनी गाडी घेणाऱ्याला तिचं खरं सर्व्हिस बुक मिळतं ते या भांड्यात. मीटर मागे फिरवता येतो, कित्येकदा तो बंदच असतो. बॉडीला रंग मारता येतो, टायर रिमोल्ड करता येतात. पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत पासिंग होतं तेव्हा कोणी गिअरबॉक्स उघडून बघत नाही. भांड्यातल्या पितळाला मात्र कोणी रंग मारू शकत नाही.

सील गळण्याची तक्रार खरी असते, तिचं कारण चुकीचं सांगितलं जातं. रबर उष्णतेने कडक होतं, ओठ झिजतो. जुन्या ऑइलचा चिकट गाळ त्या फटीवर बसलेला असतो म्हणून गळती कमी दिसते. पण कितीतरी वेळा सील चांगलं असतं आणि दोष वरच्या ब्रीदरचा असतो. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला ब्रीदरचं छोटं भोक असतं. मावळातल्या चिखलाने आणि क्रशरच्या धुळीने ते बुजलं की हवा सीलवर दाब देते आणि ऑइल बाहेर ढकलते. ज्या मिस्त्रीने ऑइल बदलताना ब्रीदर साफ केला नाही, किंवा पातळीच्या भोकाच्या वर जाईल इतकं ऑइल कोंबलं, त्याच्या कामाचा दोष नव्या ऑइलच्या माथी का मारायचा? आणि सील खरोखरच गेलं असेल तर नवं बसवायचं. पुढचं गळलं तर ऑइल क्लच प्लेटवर जाणार, मागचं गळलं तर पेटी रिकामी होणार. गाळाने बुजवलेल्या फटीच्या भरवशावर गाडी चालवा असा सल्ला कोणी विचारपूर्वक देत असेल असं मला वाटत नाही.

आपण राहतो ती जागाही लक्षात घ्या. सपाट मुलखातली गाडी वर्षभरात जेवढा ताण सोसत नाही तेवढा इथली गाडी एका आठवड्यात सोसते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, खोपोली शंभर मीटरच्या आत, आणि मधलं अंतर पंधराएक किलोमीटरचं. बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये गाड्यांसाठी खुला झाला, रेल्वे १८६३ मध्ये चढली. आजही कर्जतला गाड्यांना मागून जोर द्यायला बँकर इंजिनं जोडतात. ट्रकला बँकर मिळत नाही. दहा-पंधरा टन माल घेऊन तो दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये तासभर रांगतो, आणि त्या सगळ्या वेळात दोन दातांच्या मध्ये जे काही असतं ते ऑइलचं एक पातळ आवरण असतं. उतरतानाही तेच. ब्रेक तापू नयेत म्हणून आपण खालच्या गिअरवर गाडी धरतो, म्हणजे सगळं वजन उलट दिशेने त्याच दातांवर येतं. इथल्या गाड्या खाणीवरून खडी उचलतात, पवनानगरकडे बांधकामाचं साहित्य नेतात, टाकवे-कान्ह्याच्या कारखान्यांचा माल वाहतात. कंपनीच्या पुस्तिकेत गिअर ऑइल बदलायचे किलोमीटर दिलेले असतात आणि कष्टाच्या वापराला ते कमी धरायला सांगितलेलं असतं. हा वापर कष्टाचा नाही तर कोणता कष्टाचा?

डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांबद्दल इथेच बोलतो, कारण जुन्या गाडीच्या आधीच्या मालकाने हे केलं होतं की नाही ते नव्या मालकाला कळायला मार्ग नसतो. ब्रेकची हवा संपते, स्टिअरिंग जड होतं, जीव जातो. ते वेगळं सांगायला नको. पण गिअरबॉक्सच्या आतही काही घडत असतं. या पेट्यांमध्ये ऑइल वर उडवण्याचं काम खालचा शाफ्ट करतो. त्याचे गिअर ऑइलात बुडालेले असतात आणि तो इंजिनच्या बाजूने फिरतो. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, म्हणजे खालचा शाफ्ट थांबला. चाकांकडून येणारा वरचा मेन शाफ्ट मात्र पूर्ण वेगाने फिरतोय, आणि त्याच्यावर ऑइलचा थेंब पडत नाही. बंद पडलेली गाडी प्रोपेलर शाफ्ट न सोडता लांब ओढत नेली तरी हेच होतं. अशा तऱ्हेने कोरडी फिरलेली बेअरिंगं आणि त्यांची पूड घेऊन जी गाडी आपल्या दारात येते, तिला आपण म्हणायचं, ‘चाललंय ते चालू दे’?

आणि पाऊस. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कामशेतला तेवढा नसला तरी नाणे मावळातले आणि पवन मावळातले ओढे तिथल्याच डोंगरांचं पाणी घेऊन येतात. साकवावर पाणी असताना गाडी घालावी लागते. तापलेली पेटी आणि हाउसिंग गार पाण्यात शिरली की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरमधून, झिजलेल्या सीलमधून पाणी ओढून घेते. पाणी तळाशी बसतं, गाडी उभी राहिली की बेअरिंगांना गंज धरतो. पावसाळ्यानंतर विकायला आलेल्या गाडीत ही शक्यता नेहमीच असते. वरून ऑइल टाकून ते पाणी कुठे जाणार आहे?

बदलणं चुकीच्या पद्धतीने केलं तर नुकसान होतं, हे मी ठासून सांगेन, कारण ‘ऑइल बदललं आणि गेलं’ या गोष्टींपैकी उरलेल्या बऱ्याचशा इथल्या आहेत. दुकानातून ‘गिअर ऑइल द्या’ म्हणून मिळेल ते आणलं जातं. आवाज बसावा म्हणून ९० नंबरच्या जागी १४० नंबर ओतलं जातं. मग थंडीच्या सकाळी गिअर पडत नाही, आणि बारीक रोलरांच्या फटीत ते जाड ऑइल वेळेवर पोचत नाही. हाउसिंगसाठीचं जीएल-५ ऑइल गिअरबॉक्समध्ये जातं. क्राउन-पिनियनच्या दातांवर प्रचंड दाब आणि घसट असते म्हणून त्या ऑइलात गंधक-फॉस्फरसची जोरकस रसायनं असतात. जिथे कंपनीने जीएल-४ सांगितलंय त्या पितळी रिंगांच्या पेटीत ती रिंगांची पकड कमी करतात, आणि काही ऑइलांतला गंधक तापल्यावर पितळ खातो. कोणी पेटी डिझेलने धुतो आणि ते डिझेल पूर्ण निथळायच्या आत नवं ऑइल भरतो. कोणी रस्त्याच्या कडेला उतारावर उभ्या गाडीत पातळी बघतो आणि दोन लिटर कमी भरतो.

यातली प्रत्येक चूक टाळण्यासारखी आहे. दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणायची, म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळ घेऊन बाहेर येतं. सपाट जागी उभी करायची, चाकांना ओट लावायचा. खालचा प्लग उघडायच्या आधी बाजूचा भरायचा प्लग उघडायचा; तो गंजून अडकलेला असेल आणि खालून ऑइल सोडून दिलं असेल तर गाडी जागेवर बसते. पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचं आणि नंबरचं ऑइल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरायचं, प्लगचा वॉशर नवा टाकायचा, ब्रीदर साफ करायचा. हाउसिंगलाही हेच, त्याच्या स्वतःच्या ऑइलने. सकाळी सुरू केलं तर दुपारच्या जेवणाला माणूस घरी जातो. आणि हे सगळं मिळून खर्च येतो तो ट्रकच्या एका नव्या टायरपेक्षा कमी. लाखांची गाडी कर्जावर घेणाऱ्याला एवढा खर्च करू नकोस असं सांगणाऱ्यांनी एकदा गिअरबॉक्स उतरवून भरायचा खर्च आणि उभ्या दिवसांचं भाडं मांडून बघावं.

‘बदललं आणि उद्या आवाज आला तर?’ असं मला विचारतात. तर फार चांगलं झालं. विकणारा अजून ओळखीचा आहे, मधला माणूस अजून फोन उचलतोय, गाडी अजून भाड्याला लागलेली नाही, हातात थोडे पैसे आहेत. नुसतं एक बेअरिंग आणि दोन रिंगा बदलून पेटी सावरते. तोच आवाज सहा महिन्यांनी आला तर तोवर बेअरिंगने शाफ्ट खाल्लेला असतो, शाफ्टने गिअर खाल्लेला असतो, क्वचित पेटीचं कवचही फुटलेलं असतं. गाडीचं खरं रूप पहिल्या दिवशी कळणं नव्या मालकाच्या फायद्याचं आहे. ते कळू नये यात फायदा कोणाचा? विकणाऱ्याचा आणि मधल्याचा. ‘हात लावू नकोस’ हा सल्ला चांगल्या मनाचे लोकही देतात हे मला माहीत आहे, त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण ते नकळत कोणाची वकिली करताहेत ते त्यांनी ओळखावं.

काढलेल्या ऑइलचं काय होतं तेही याच कामाचा भाग आहे. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. आपल्याकडे ते गॅरेजच्या मागच्या नाल्यात जातं, आणि कामशेतचा नाला कुठे जातो हे सांगायला नको. इंद्रायणी कुरवंड्याकडून उगम पावते, आपल्या पुलाखालून जाते आणि पुढे देहू-आळंदीला लोक तिचं तीर्थ तोंडात घेतात. तेव्हा ड्रमात साठवा, अधिकृत घेणाऱ्याला द्या. ज्या गॅरेजात हा ड्रम नाही तिथे काम करून घेऊ नका.

गाडी बघायला जाल तेव्हा ११ नंबरचा, १४ नंबरचा, जो लागेल तो पाना घेऊन एखादा जाणता मिस्त्री बरोबर न्या. टोकन द्यायच्या आधी विकणाऱ्याला सांगा, गिअरबॉक्सचा आणि हाउसिंगचा बाजूचा प्लग उघडून बघणार आहे. बोट आत घाला, ऑइल लागतंय का बघा, बोट उन्हात धरा. तो ‘हात लावू नका’ म्हणाला तर टोकन खिशातच ठेवा आणि परत या. मावळात, चाकणला, तळेगावला विकायच्या गाड्यांचा तुटवडा नाही. गाडी पसंत पडली, नावावर झाली, की पहिला लोड घ्यायच्या आधी दोन्ही ठिकाणचं ऑइल सोडा, बघा, नवं भरा, आणि तारीख व मीटरचा आकडा केबिनमध्ये लिहून ठेवा. कोणी चौकात थांबवून ‘कशाला हात लावलास?’ असं विचारलं तर त्याला भांड्यातलं ऑइल दाखवा आणि त्यालाच विचारा, हे आत ठेवून घाटात जायचं होतं का.